भाकर, अंडं आणि अख्खं शहर

"पपा, शहराचं राहू दे ना. तुमच्यापुरतं म्हणून झालं, पुरे."

फोन स्पीकरवर होता; पलीकडून घरमालकांची लेक, इंग्रजीतून. मी ऑफिसातून लवकर आले होते आणि मागच्या जिन्यात अर्ध्यावर थांबले होते. तो जिना माझ्या वरच्या खोलीकडे जायचा, पण जाताना घरमालकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला घासून जायचा. खिडकी आणि जिना यांच्या मधोमध कढीपत्त्याचं झाड. त्या झाडाआडून आतलं दिसायचं. आतून मी दिसते की नाही, हे मला कधीच नक्की कळलं नाही.

"पुरे नाही," ते लेकीला म्हणाले. एवढं त्यांना येत होतं.

ओट्यावर एक ताटली होती. तिच्यात बिनखमिराची भाकर आणि उकडलेलं अंडं. सूर्य मावळायच्या आत त्या ताटलीला हात लावून त्यांना एक वाक्य म्हणायचं होतं, मराठीत, आणि ते वाक्य प्रत्येक वेळी शेवटाशी येऊन अडकत होतं. डिसेंबरात त्यांना झटका आला होता. चालणं परत आलं, उजवा हात थोडा परत आला, शब्द मात्र सगळे परत आले नाहीत. वाक्य पुरं झालं नाही तर सणाच्या शुक्रवारी त्यांना शनिवारसाठी काही शिजवता येणार नव्हतं. त्याचं त्यांना फारसं दुःख नसावं. सकाळची उरलेली भाजी खाऊन त्यांनी शनिवार काढला असता. त्यांना काळजी होती ती चेन्नई शहराची.

हे मला कळायला दीडेक वर्ष लागलं होतं, म्हणून मागचं थोडं सांगते.

चेन्नईच्या अडंबाक्कममधलं ते घर मला मिळालं ते मराठीमुळे. मी पुण्याची, नोकरी शोळिंगनल्लूरला. एजंटानं मालकांना सांगितलं, मुलगी महाराष्ट्रातली आहे. मालक तमिळ असणार हे धरून मी इंग्रजीतली वाक्यं मनात जुळवत उभी होते. दार उघडून लुंगीतले, उंच, थोडे वाकलेले गृहस्थ बाहेर आले. डोक्याला गोल काळी टोपी. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या ओढणीचं टोक अंगठा आणि बोटात धरून चोळलं आणि म्हणाले, "कॉटन. बरंय. गाव कोणतं?"

मी "पुणे" म्हणाले. तेवढ्यावर खोली मिळाली.

ते कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे यहुदी. "आमच्या गावात आम्हांला शनवार तेली म्हणायचे," असं ते ओळख करून देताना सांगायचे. "शनिवारी घाणा बंद. का बंद ते गावाला ठाऊक नव्हतं, आम्हांलाही निम्मंच ठाऊक होतं." तरुणपणी ते मद्रासला आले, गिंडीच्या एका कपड्याच्या कारखान्यात लागले आणि तिथेच माल तपासणारे साहेब होऊन निवृत्त झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक इस्रायलला. ती इथे वाढली ती तमिळ आणि इंग्रजीत. मराठी तिला "जेवलात का, झोपलात का" एवढीच यायची. माझंही फार वेगळं नव्हतं. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे मराठी मला ऐकायला पूर्ण येते, आणि बोलताना प्रत्येक वाक्य तोंडातून काढण्याआधी एकदा उलटंपालटं करून बघावं लागतं. तोवर समोरचा पुढे गेलेला असतो. ऑफिसात तर मी मीटिंगमध्येही चॅटवर टाइप करते.

त्यांना काय म्हणावं, हेही मी ठरवू शकले नव्हते. अंकल परकं वाटायचं, आजोबा फार जवळचं, काका मधलं होतं पण तोंडातून निघेना. वर्षभर मी त्यांना काहीच न म्हणता राहिले. समोर जाऊन उभी राहायची, की ते बघायचे.

त्यांची एक सवय मात्र माझ्यासारखीच होती. ते माणसाशी सरळ बोलायचे नाहीत. खिडकीत उभे राहून कढीपत्त्याशी बोलायचे.

"आज पाण्याचा टँकर येणार नाही म्हणतात," ते झाडाला सांगायचे, आणि मी वर जाऊन बादल्या भरायची. "कुणाच्या तरी खोलीत रात्रभर पंखा कुरकुरतो. तेल आमच्याकडे आहे." मी खाली येऊन खिडकीच्या कठड्यावरची तेलाची बाटली उचलायची. समोरच्या घरातल्या बाई त्यांना वेडा म्हातारा म्हणत. मला त्यांचं बोलणं सोयीचं वाटायचं. उत्तर द्यावं लागत नसे.

झाडाचं हे प्रकरण कुठून सुरू झालं, ते पहिल्या सणाला कळलं. त्यांचा नव्याचा सण होता, वर्षाची सुरुवात. मला दिसलं होतं की आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरात एक मोठा तेलाचा दिवा लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरत होते, तर खिडकीत त्यांचा चेहरा.

"दिवा विझला," ते कढीपत्त्याला म्हणाले. "वाऱ्यानं. दिवा विझला की स्वयंपाकघर म्हणजे नुसतं काळोखाचं बिळ. तांदूळ धुऊन ठेवलेत. असो."

मी थांबले. ते मला काही सांगत नव्हते. झाड तर ऐकत नव्हतं. मग मी मागच्या दारानं आत गेले, माचिस ओट्यावरच होती, दिवा लावला. वळले तर ते दारात उभे, चेहरा पडलेला.

"कुणासाठी लावलास?" त्यांनी विचारलं. या वेळी सरळ मला.

तुमच्यासाठी म्हणावं तर त्यांच्या चेहऱ्यावरून ते चुकीचं उत्तर असावं. मी माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि तिथेच, दिव्याशेजारी उभी राहून, सगळं पिऊन टाकलं.

त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "पाणी प्यायला आली होती," ते छताकडे बघत म्हणाले. "अंधारात पाणी कोण पिणार? स्वतःसाठीच लावलान. मग काय हरकत आहे!" आणि त्यांनी कागदाची सुरळी त्या दिव्यावर पेटवून गॅस लावला.

मग भात शिजेपर्यंत त्यांनी मला, म्हणजे कढीपत्त्याला, सगळं समजावून सांगितलं. सणाच्या दिवशी शिजवायची मुभा आहे, पण नवा अग्नी पाडायचा नाही. आधीपासून जळत असलेल्यावरून घ्यायचा. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, तेवढीही मुभा नाही, शिजवायचंच नाही. दुसऱ्याला सांगून करून घेणं म्हणजे स्वतःच करणं. मात्र दुसऱ्यानं स्वतःच्या गरजेसाठी दिवा लावला आणि त्याचा उजेड आपल्यावर पडला, तर डोळे मिटून बसायची सक्ती नाही.

"आणि झाडाला सांगणं?" हा प्रश्न मी विचारला नव्हता. माझ्या चेहऱ्यावर दिसला असेल.

"त्याबद्दल मलाही शंका आहे," ते म्हणाले. "वर गेल्यावर विचारतील तेव्हा बघू."

कपड्यांचं वेड त्याहून मोठं होतं. त्यांच्या धर्मात लोकर आणि लिनन एकाच कपड्यात घालून चालत नाही. बाकी काहीही कशातही मिसळा, फक्त ही दोन नको. गंमत म्हणजे हा नियम फक्त त्यांच्यापुरता, आम्हां बाकीच्यांना नाही. त्यांनाही हे नीट ठाऊक होतं. तरी अंगठा थांबायचा नाही. लग्नाला गेले की नवऱ्या मुलाशी हात मिळवायचे आणि दुसऱ्या हातानं हळूच बाही चोळायचे. एकदा शेजारच्या लग्नात मी मागेच उभी होते. स्टेजवरून उतरताना ते पुटपुटले, "पॉलिस्टर. बिचारा, या उकाड्यात."

माझ्या ब्लेझरची पाळी आली ती परदेशी क्लायंट येणार होते तेव्हा. मी तो वारा लागावा म्हणून जिन्याच्या कठड्यावर टाकला होता. खिडकीतून आवाज आला, "लोकर आहे. निदान निम्मी. पण कॉलर एवढी ताठ उभी आहे ती कशाच्या जोरावर? आत काय घातलंय? कोट विकणारा सांगतो का?" झाड गप्प होतं. मी कोट तिथेच ठेवून वर गेले. आमच्या भाषेत ती परवानगी होती.

तीन दिवस कोट गायब. क्लायंट येऊन गेले. मी साध्या कार्डिगनमध्ये कोपऱ्यात बसून राहिले, जिथे मी एरवीही बसले असते. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आत बोलावलं, म्हणजे खिडकीतून म्हणाले, "कुणाला बघायचं असेल तर यंत्र लावून ठेवलंय." जेवणाच्या टेबलावर कारखान्यातला जुना सूक्ष्मदर्शक होता. अर्ध्या ब्लेडनं कॉलर उसवलेली, आतला पांढरा ताठ कपडा बाहेर आलेला.

"हा धागा बघ. खवले दिसतात? माशासारखे? ती लोकर. आता हा." त्यांनी काच बदलली. "बांबूसारखी पेरं आहेत का?"

"नाहीत," मी म्हणाले. "पिळलेल्या रिबिनीसारखं दिसतंय."

"मग कापूस. निर्दोष." त्यांनी माझ्याऐवजी कोटाच्या पाठीवर थाप मारली. "पेरं असती तर लिनन. लिनन म्हणजे जवस. ज्याची तुम्ही चटणी करता तेच झाड. ताटात चालतं, अंगावर चालतं, लोकरही अंगावर चालते. दोघं एका शिवणीत आले की नाही चालत."

"का?" हा एक शब्द माझ्या तोंडून गेला खरा.

ते एकदम खूष झाले, जणू इतकी वर्षं कुणी विचारायची वाट बघत होते. "कारण सांगितलेलंच नाही! चोरी का नको, ते मी तुला सांगीन. खोटं का नको, सांगीन. हे का नको, ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून तर हे पाळताना आपण शहाणे आहोत असं वाटत नाही. बरं असतं कधी कधी."

मग त्यांनी कॉलर पुन्हा शिवून दिली, पहिल्यापेक्षा सुबक. स्वतःच्या बाबतीत मात्र ते इतके नशीबवान नव्हते. लेकीनं तिकडून उंची लोकरीचा सूट पाठवला होता. त्याच्या छातीत लिनन सापडलं. त्यांनी ते धागा धागा करून उपसलं आणि तिथे काही न भरता शिवून टाकलं. पुढे तो सूट घातला की त्याच्या दोन्ही कॉलरी कुत्र्याच्या कानांसारख्या लोंबायच्या. लेक व्हिडिओवर ओरडली, "पपा, यू लुक लाइक अ बेगर!" ते आरशात बघून म्हणाले, "भिकारी, पण शुद्ध." बोलण्यात मात्र त्यांना कसलीही भेसळ चालायची. मराठी, तमिळ, इंग्रजी आणि त्यांची प्रार्थनेची हिब्रू, चारही एका वाक्यात गुण्यागोविंदानं नांदायच्या.

आता ती ताटली.

त्या पहिल्या नव्याच्या सणाच्या आदल्या दिवशीच मी ती पाहिली होती. सण गुरुवार-शुक्रवार आला की लगेच शनिवार लागतो, आणि मोठी पंचाईत होते. सणाला शिजवता येतं, पण सणापुरतंच. शनिवारी शिजवता येत नाही. मग शनिवारचं शिजवायचं कधी? यावर तोड अशी, की सण लागायच्या आधीच, बुधवारी, एक भाकर आणि एक शिजवलेली वस्तू बाजूला ठेवायची. म्हणजे शनिवारची तयारी बुधवारीच सुरू झाली. शुक्रवारी आपण ती फक्त पुढे चालू ठेवतो. पण नुसतं ठेवून भागत नाही. त्यावर हात ठेवून वाक्य म्हणावं लागतं, आणि ते म्हणणाऱ्याला कळेल अशा भाषेत. त्यांच्या पुस्तकात ते वाक्य जुन्या अरामी भाषेत छापलं होतं. ते त्यांना घडाघडा यायचं, पण अर्थ शब्दाला शब्द लागायचा नाही, म्हणून ते आईनं शिकवलेलं मराठी म्हणायचे. मी जिन्यात होते. खिडकीतून आलं:

"या भाकरीनं आणि या अंड्यानं आम्हांला मोकळीक असो, भाजायला, शिजवायला, ऊन ठेवायला, दिवा लावायला, आणि सणाच्या दिवशी शब्बाथाची सगळी तयारी करायला, आम्हांला आणि या शहरात राहणाऱ्या सगळ्यांना."

त्या वर्षी सण एकामागून एक असे आले की महिन्याभरात तीन बुधवारी तेच वाक्य. पहिल्यांदा मी योगायोगानं ऐकलं. नंतरचे दोन बुधवार मी ऑफिसातून मुद्दाम वेळेवर निघाले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वाक्य ऐकायला छान वाटायचं, एवढंच. खालून वर येताना शेवटचे शब्द आपल्यालाही लागू आहेत की नाही, असा विचार यायचा.

शनिवारी संध्याकाळी ती भाकर आणि ते अंडं खाऊन टाकायचं असतं. मला वाटलं होतं, कावळ्याला ठेवतात. तर खिडकीच्या कठड्यावर अर्धं अंडं, वर मीठ-मिरपूड, आणि आतून आवाज: "तुला बंधन नाही म्हणा. पण राहतेस इथेच."

शहराचं एवढं का, हे मला समुद्रकाठच्या ईसीआर रस्त्यानं चेन्नईबाहेरच्या कोवलम गावाला जाणाऱ्या बसमध्ये कळलं. एका रविवारी त्यांनी झाडाला विचारलं, "ईसीआरवर घरांची रांग कुठवर गेली असेल? एकट्या माणसाला दोन्ही बाजू बघता येत नाहीत." मी चपला घातल्या.

भानगड अशी होती. वाक्यातलं 'शहर' म्हणजे महानगरपालिकेची हद्द नव्हे. घराला घर लागून आहे तोवर शहर. मध्ये सत्तरएक हातांची मोकळी जागा पडली की शहर तुटलं. आणि कोवलमला हल्ली लाटांवर फळीवर उभी राहणारी पोरं येतात, त्यांत इस्रायलचीही असतात, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं.

"त्याला बुधवार कधी आला हेही ठाऊक नसणार," ते त्या न पाहिलेल्या पोराबद्दल म्हणाले. "सण येईल, शनिवार येईल, आणि मग कधीतरी आजीची आठवण होऊन वाटेल, पाळावं. तेव्हा भाकर-अंडं ठेवायची वेळ गेलेली असणार. त्याचं काय?"

ते उजवीकडच्या खिडकीत, मी समुद्राकडच्या. "घर?" ते विचारायचे. "घर," मी म्हणायची. "घर?" "भिंत." "भिंत नाही चालत. भिंतीत राहतं का कुणी?" "वॉचमनची केबिन आहे." "झोपतो का तिथे?" "खाट दिसली." "मग घर!" आख्खी बस आमच्याकडे बघत होती. मी आयुष्यात एवढ्या मोठ्यानं सार्वजनिक ठिकाणी बोलले नव्हते, आणि मला ते मुत्तुकाडूची खाडी येईपर्यंत लक्षातही आलं नाही.

खाडी आली. पुलाच्या दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. त्यांची बोटं समोरच्या दांड्यावर हिशेब करत राहिली. कोवलमला उतरेपर्यंत तोंड एवढंसं झालं होतं.

"राहिला तो बाहेर," ते म्हणाले.

मासळीवाल्या बाईकडे त्यांनी मासे हातात घेऊन नखानं खवले उचकटून पाहिले, कारण खवले आणि पर नसलेला मासा त्यांना चालत नाही. बाई तमिळमध्ये ओरडली, "काय तात्ता, मासा घेताय की मुलगी बघताय?" एरवी त्यांनी उलट उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मुकाट्यानं मासा घेतला.

परतीच्या बसमध्ये त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडील रेल्वेत होते. एकदा बदलीच्या नव्या गावात एकटेच होते, आणि अशाच आठवड्यात बुधवारी ड्यूटीवर अडकून भाकर ठेवायची विसरले. शुक्रवारी आठवलं. तांदूळ आहे, चूल आहे, आणि शनिवारचं शिजवता येत नाही. उपास काढायचं ठरवून बसले. पण त्याच गावात आपलं एक घर होतं, त्यांना माहीत नसलेलं. त्या घरातली म्हातारी कुठूनतरी कळून दारात आली आणि म्हणाली, बाबा, मी ठेवलंय. माझं आणि गावाचं. तू शिजव.

"माझ्या बापाला त्या बाईचं नावही ठाऊक नव्हतं, बुधवारी. आणि बुधवारीच तिनं त्याला धरलं होतं." ते खिडकीबाहेर बघत होते. "आता मद्रासात मी कुणाला ओळखतो? कुणालाच नाही. पण त्यानं काय होतं? म्हातारीही ओळखत नव्हती."

मग जरा वेळानं, स्वतःशीच हसून: "आईनं मला ते वाक्य शिकवलं ते याच गोष्टीनंतर. मी एवढासा. ती पुढे म्हणायची, मी मागून. शब्द तिचे, तोंड माझं. चालतं. तोंड आपलं आणि समज आपली असली की झालं."

डिसेंबरात झटका आला. लेक धावत आली, महिनाभर राहिली, परत जाताना त्यांना न्यायचं म्हणत होती. ते "पेसाह" म्हणाले; म्हणजे बिनखमिराच्या भाकरीचा सण इथेच करायचा, मग बघू. सकाळी एक बाई येऊन केर-पाणी करायची. बाकी ते डाव्या हातानं हळूहळू करायचे.

सगळ्यात विचित्र हे होतं की त्यांची हिब्रू प्रार्थना धडाधड यायची, एक शब्द न चुकता. पाठांतराचं तसं असतं, असं डॉक्टर म्हणाले. पण "मीठ दे" म्हणायला गेले की "खिडकी दे" निघायचं. पुस्तकातली अक्षरं मुंग्यांसारखी हलायची. कढीपत्त्याशी बोलणं जवळजवळ बंद झालं. मी जिन्यातून जाताना ते खिडकीत उभे असायचे, झाडाकडे बघत, ओठ थोडे उघडे. मी पायरीवर उगाच रेंगाळायची. मग ते मान हलवून आत जायचे.

पेसाह लागायच्या त्या बुधवारी लेकीचे फोनवरून सगळे उपाय सुचवून झाले होते. अरामीतलं म्हणा. "कळत नाही," ते म्हणाले. मनात म्हणा. मानेनंच नाही. मी सांगते, तुम्ही मागून म्हणा. पण तिला अरामीच येत होतं. मराठी वाक्य तिनं लहानपणी कधीतरी खेळता खेळता ऐकलं असेल. छापलेलं ते कुठेच नव्हतं. आणि शेवटी ती म्हणाली, शहराचं राहू दे.

त्यांनी फोन ठेवला. ऊन समोरच्या घराच्या गच्चीवर गेलं होतं, कठड्यापर्यंत.

त्यांनी पुन्हा ताटलीवर हात ठेवला. "या भाकरीनं आणि या अंड्यानं..." भाजायला आलं. शिजवायला आलं. "ऊन ठेवायला"पाशी थांबले, मग तेही आलं. दिवा लावायला. शब्बाथाची सगळी तयारी. मी जिन्यात कठडा घट्ट धरून उभी होते. "आम्हांला आणि..." 

थांबले.

"आणि या... या खिडकी..." त्यांनी मूठ ओट्यावर आपटली. अंडं ताटलीत घरंगळलं. "आणि. आणि. आणि."

मला ते शब्द येत होते. जगात त्या क्षणी ते बहुधा मलाच येत होते, आणि मी जिन्यात उभी होते. सांगितलं तर कळणार होतं की मी दर वेळी इथे उभी राहून ऐकत आले. त्याहून वाईट भीती दुसरी होती. कोटातल्या एका धाग्यासाठी ज्यांनी तीन दिवस डोळे फोडले, त्यांच्या वाक्यात माझा धागा गेला तर? त्यांनी आख्खं वाक्यच उसवून टाकलं तर? सूर्य तर चाललाच होता.

शब्द तिचे, तोंड माझं, असं ते बसमध्ये म्हणाले होते. पण ती त्यांची आई होती.

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मी दिसले की नाही, नक्की सांगता येत नाही. ते झाडाकडेच बघत होते, आणि त्यांचे ओठ तसेच, थोडे उघडे, जसे गेले कित्येक आठवडे असायचे. मला एकदम कळलं की इतके दिवस ते झाडाला काही सांगायला थांबत नव्हते. झाडाकडून ऐकायला थांबत होते.

मी दोन पायऱ्या खाली उतरले. त्यांच्याकडे बघितलं असतं तर जमलं नसतं, म्हणून मीही कढीपत्त्याकडे तोंड केलं आणि म्हणाले. इतकं हळू, की पानावरचा मुंगळासुद्धा थबकला नाही.

"हं?" आतून आलं. मग बरीच खटपट करून, एक एक अक्षर जोडून: "मो-ठ्या-नं."

समोरच्या बाई गच्चीवर कपडे काढत होत्या. रस्त्यानं भाजीची गाडी चालली होती. कठड्यावरचं ऊन आता फक्त वरच्या विटेवर राहिलं होतं.

"काका," मी म्हणाले, आणि मग रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, झाडाला सांगितलं, "आम्हांला आणि या शहरात राहणाऱ्या सगळ्यांना."